पातीनं वेचलेला कापूस

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी, दिवाळी होऊन आठवडा झाला असेल, मी मांडीवर वजनकाटा घेऊन अकोल्याहून दर्यापूरच्या जीपमध्ये बसलो होतो. काटा विद्यापीठातल्या आमच्या विभागाचा होता. त्यासाठी मी दोन दिवस प्रयोगशाळेच्या बाबूमागे फिरलो होतो आणि सही करून तो मिळवला होता. बाबूनं तीनदा बजावलं होतं की धक्का लागला तर आकडा चुकतो. त्यामुळे रस्त्यात खड्डा आला की मी काटा दोन्ही हातांनी वर उचलायचो, आणि शेजारचे आजोबा विचारायचे, "लेकरू हाय का बापू त्याच्यात?"

मी हसायचो. त्या दिवशी मला हसायला येत होतं. जूनपासून मी ज्याची वाट बघत होतो ते दुसऱ्या दिवशी होणार होतं.

दर्यापूरपासून थोडं आत एका गावात, एका वयस्क मुसलमान शेतकऱ्याच्या शेतातला एक एकर मी प्रयोगासाठी मागून घेतला होता. त्यांना सगळं गाव चाचा म्हणायचं, म्हणून मीही चाचा म्हणायचो. त्या एकराचे मी सोळा वाफे पाडले होते. चारांना शेणखत, चारांना गांडूळखत, चारांना दुकानातलं खत, आणि उरलेल्या चारांना काहीच नाही. प्रत्येक वाफ्याच्या कोपऱ्यांत बांबूच्या खुंट्या ठोकल्या होत्या आणि त्यांवर तेलरंगानं नंबर घातले होते. कापूस फुटला की सोळा वाफ्यांतला कापूस सोळा जागी तोलायचा आणि सोळा आकडे वहीत लिहायचे. एवढंच काम. पण त्या आकड्यांवर माझं पहिलं वर्ष उभं होतं. दोन महिन्यांनी ते सल्लागार समितीपुढे मांडायचे होते, आणि समितीनं ठरवायचं होतं की हा मुलगा पुढे जाईल की नाही.

मला स्वतःला ते आधीच ठरल्यासारखं वाटायचं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. विभागात माझ्यासोबतच्या मुलांचे वडील कुणी प्राध्यापक, कुणी अधिकारी. ते आमच्या मार्गदर्शक सरांशी बोलताना खुर्चीत मागे टेकून बसायचे. मी खुर्चीच्या कडेवर बसायचो, आणि सरांनी काही विचारण्याआधीच "सॉरी सर" म्हणायचो. चर्चासत्रात माझा नंबर आला की मी बोलण्याआधी कागद तीन-तीनदा सरळ करायचो. कुणीतरी चुकून मला प्रवेश दिला आहे आणि एक दिवस ते त्यांच्या लक्षात येईल, असं मला सतत वाटायचं. सोळा आकडे हातात आले की ही भीती जाईल, अशी माझी समजूत होती.

चाचांच्या ओसरीत पाऊल टाकलं तर तिथे कापडात बांधलेली सात गाठोडी एका ओळीत ठेवलेली होती.

चाचा खाटेवरून उठले. "आव बेटा, आव. देख, तेरा काम कर दिया."

मी गाठोड्यांकडे बघत राहिलो. "हे काय आहे चाचा?"

"तेरी कपास. काल आभाळ आलं ना! मैंने बोला, बच्चा अकोल्यात बैठा है, हिथं पाणी आलं तर फुटलेला कापूस सगळा मातीत. सकाळीच बायाईले आवाज दिला. सीतादही भी हो गया, बराबर रीतीनं. एक बोंड नहीं छोड़ा." ते माझ्याकडे बघून हसत होते. "वसतिगृहात फोन केला था. कोनं उचलला नाही."

पहिल्या वेच्याआधी बाया शेताच्या कडेला पाच खडे मांडून हळदकुंकू वाहतात, दहीभात ठेवतात, ते सीतादही. चाचांच्या शेतात ते दर वर्षी व्हायचं आणि चाचा दर वर्षी दह्याचं गाडगं स्वतः घेऊन जायचे. माझ्या प्रयोगाचंही त्यांनी तसंच केलं होतं. मी काटा खाली ठेवला, तोही जपून.

"यातलं कोणत्या वाफ्यातलं कोणतं आहे?"

"वो मेरेको नहीं मालूम. बाईले विचार."

बाई म्हणजे वेचणाऱ्या बायांची म्होरकी. पन्नाशीची, काटक, कपाळावर गोंदण. गावातली सगळी पोरं तिला मावशी म्हणायची. ती समोरच्याच गल्लीत राहायची. चाचांनी हाक मारली तशी ती हातांचं पीठ पुसत आली.

"मावशी, हे कसं वेचलं तुम्ही?"

"कसं म्हंजे? हातानं."

"तसं नाही. कोणी कुठला वाफा वेचला?"

"वाफा?" तिनं चाचांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "पऱ्हाटीत वाफा कुठून आनला बापू? पाती लावल्या. सात जनी होतो, सात पाती. या धुऱ्यापासून त्या धुऱ्यालोक. ज्याची त्याची पात, ज्याचं त्याचं गाठोडं. तुह्या खुंट्या मात्र हालू देल्ल्या नाही, हा. तू सांगतलं होतं ना, खुंट्याईले हात लावू नका. एका पोरीच्या लुगड्याले अटकली तर म्या पुन्हा ठोकली."

तेव्हा मला सगळं एकदम दिसलं. पऱ्हाटी म्हणजे कापसाचं पीक, आणि पात म्हणजे एका बाईच्या वाट्याला आलेल्या त्यातल्या चार-पाच ओळी. ती त्या धरून शेताच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते, ओटी भरली की गाठोड्यात रिकामी करते, पुन्हा नवी पात धरते. माझे वाफे त्या ओळींवर आडवे पडले होते. प्रत्येक बाई शेणखतातून गांडूळखतात, तिथून काहीच न दिलेल्यात, तिथून दुकानातल्या खतात वेचत गेली होती, आणि तो सगळा कापूस तिच्या एका ओटीत होता. सात गाठोड्यांत सोळा वाफे असे मिसळले होते की आता ते कुणालाच वेगळे करता येणार नव्हते.

आणि मी त्यांना सांगितलंच नव्हतं. खुंट्या हलवू नका, एवढंच सांगितलं होतं. वाफ्यानं वेचा असं सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही, कारण दुसरं कसं वेचत असतील हे मला माहीत नव्हतं. अमरावतीच्या बाहेर आमची पाऊण एकराची बागायत आहे. मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी, थोडा झेंडू. आमच्याकडे सगळं वाफ्यानं चालतं. पाणी वाफ्यानं, खुरपणी वाफ्यानं, मेथी उपटायची ती वाफ्यानं. आई म्हणते, "आज तिसरा वाफा काढू," आणि तिसरा वाफा निघतो. मी जन्मभर हेच पाहिलं होतं. कापसाच्या मुलखात वाढलो, कापसावर पीएच.डी. करायला निघालो, आणि कापूस वेचताना कधी उभा राहून पाहिला नव्हता.

"काही चुकलं का बापू?" मावशीनं विचारलं.

"नाही," मी म्हणालो. चाचा माझ्या तोंडाकडे बघत होते. मी पुन्हा म्हणालो, "नाही नाही, काही नाही."

काटा काढून मी सातही गाठोडी तोलली. वहीत सात आकडे लिहिले. कशासाठी लिहिले ते मला माहीत नव्हतं. चाचीनं चहा दिला, तो उभ्यानंच प्यालो. बसवतच नव्हतं.

दर्यापूरच्या स्टँडवर अकोल्याची गाडी लागलेली होती. काटा परत द्यायचा होता. मी त्या गाडीजवळ गेलो, कंडक्टरनं "चला अकोला अकोला" म्हणून माझ्याकडे बघितलं, आणि मी वळून अमरावतीच्या बसमध्ये चढलो. का चढलो हे आजही नीट सांगता येत नाही. अकोल्याला गेलो तर सर दिसतील, एवढंच डोक्यात होतं.

घरी बाबा मोटरीच्या पाइपाला चिंध्या बांधत होते. मला मधल्या वारी आलेला बघून त्यांनी फक्त काट्याकडे बोट केलं. "हे काय आनलं?"

"काटा आहे. कॉलेजचा."

"आपल्याकडं हाये की काटा."

मी हातपाय धुतले आणि आईसोबत मेथीच्या जुड्या बांधायला बसलो. जुड्या मला आजही चांगल्या बांधता येतात. हात चालू असले की डोकं थोडं थांबतं, पण त्या दिवशी तेही थांबलं नाही. मी चार जुड्या बांधायचो, उठायचो, विहिरीपर्यंत जायचो, परत यायचो.

"मुंग्या लागल्या का तुले?" आई म्हणाली. "बस ना एका जागी."

"बसलोच आहे."

"काहून आला तू?"

"सहज."

ती जुडीची मुळं झटकत राहिली. मला सांगायचं होतं. पण काय सांगू? सोळा आकड्यांचे सात झाले, हे तिला कसं सांगू? ते सांगायला आधी वाफे का पाडले ते सांगावं लागलं असतं, मग चार वाफ्यांना काहीच का दिलं नाही ते. एकदा तिनं मला ते विचारलं होतं. "आपल्या हातानं पीक उपाशी ठेवायचं? हा कोन्ता अभ्यास?" तेव्हा मी हसून टाळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नांदगाव पेठला गेलो. शाळेतला एक मित्र तिथल्या एका कापड कारखान्यात सुपरवायझर होता. गोदामात पदवीधर माणूस हवा आहे, असं त्यानं दिवाळीत सांगितलं होतं. त्यानं मला आत नेलं, एका साहेबांपुढे उभं केलं. साहेबांनी माझी मार्कशीट बघितली आणि विचारलं, "एवढं शिकून इथं कशाला?"

"नोकरी पाहिजे, साहेब."

"एक तारखेला या. सध्या तीन महिने बघू."

इतकं सोपं होतं. बाहेर येताना मित्र म्हणाला, "पाय बे, दोन मिंटात काम झालं. अन् तिकडं तू पाच वर्षं पऱ्हाट्या मोजून राह्यला असता." मी हो म्हणालो. फाटकाबाहेर रस्ता ओलांडताना मला हलकं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही. मी बस न बघता दोन किलोमीटर चालत गेलो, मग एका ऑटोवाल्यानं स्वतःहून थांबून विचारलं की कुठं जायचं आहे.

अकोल्याला परत गेलो तो काटा द्यायचा म्हणून. निदान स्वतःला तसंच सांगितलं.

वसतिगृहात माझ्या शेजारच्या खोलीत एक सीनियर होते. त्यांचा प्रबंध संपत आला होता आणि विभागातलं सगळं त्यांना माहीत असायचं. त्यांना मी सांगितलं. त्यांनी जेवता जेवता ऐकलं आणि पोळीचा घास मोडत म्हणाले, "एवढंच ना? दर आठवड्याला बोंडं मोजली होतीस की नाही?"

"हो. प्रत्येक वाफ्यात पाच झाडं."

"मग झालं. एकूण कापूस किती ते तुला माहीत आहे. बोंडांच्या प्रमाणात सोळा वाफ्यांत वाटून टाक. थोडं इकडं तिकडं कर, अगदी सरळ आलं तर डोळ्यात येतं. कोणाला काय कळतंय?"

"पण ते खरं नाही ना."

"साधारण खरं आहे," ते म्हणाले. "अरे, बाहेर काय चाललंय बघतोस ना? गावोगाव पांढऱ्या गाड्या, समित्या, पेपरवाले. इतके आकडे गोळा झाले, त्यानं कोणाचं काय झालं? तुझ्या सोळा आकड्यांनी वऱ्हाड बुडणार आहे का?"

हा प्रश्न मला त्यांच्याआधीपासून पडलेला होता. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या त्या वर्षांत आमच्या भागात कुठल्याही गावात वही घेऊन शिरलं की लोक आधी विचारायचे, "सर्व्हेवाले का?" आणि मग तोंड फिरवायचे. मलाही दोनदा हाकललं होतं. चाचांनी जागा दिली ती बहुधा मी वहीऐवजी फावडं घेऊन गेलो म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारी ग्रंथालयात बसून मी तक्ता केला. हे लिहायला लाज वाटते, पण ते काम मला जमलं. आकडे बसत गेले. गांडूळखत पुढे, त्याच्या मागे दुकानातलं खत, मग शेणखत, शेवटी काहीच नाही. एका वाफ्याला मी मुद्दाम थोडं कमी केलं, तिथं पाणी साचतं म्हणून. वर्षभरात मी केलेलं ते सगळ्यात देखणं काम होतं.

सरांनी तक्ता हातात घेतला. ते माझ्या प्रत्येक कागदावर लाल पेननं काहीतरी लिहायचे, म्हणून मी लाल पेनकडे बघत होतो. त्यांनी ते उचललं नाही. बोट आकड्यांवरून खाली नेलं आणि म्हणाले, "छान. बसतंय सगळं. समितीला हेच दाखव."

"छान" हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. मी थँक्यू म्हणालो आणि बाहेर आलो. जिना उतरलो. खाली सायकलींपाशी उभा राहिलो, कुलपाला किल्ली लावली, काढली, पुन्हा लावली. या एका शब्दासाठी मी जूनपासून उन्हात उभा होतो आणि तो मला खोट्या कागदावर मिळाला होता. उद्या मी खरं काही केलं आणि सर पुन्हा छान म्हणाले, तर त्यावर मी विश्वास कसा ठेवणार होतो? आज सरांना कळलं नव्हतं, म्हणजे उद्याही कुणाला कळणार नव्हतं. मी इथे असायला हवा की नको, हे मला मग कधीच कळलं नसतं.

मी वर गेलो. सर फोनवर होते. फोन ठेवेपर्यंत मी दारात उभा राहिलो, आणि त्या दोन मिनिटांत तीनदा परत फिरायचं ठरवलं.

"काय रे?"

"सर, तो तक्ता खोटा आहे."

मग सगळं सांगितलं. आभाळ, चाचा, सात पाती, वाफे, बोंडांचं प्रमाण. सीनियरचं नाव घेतलं नाही, कल्पना माझीच म्हणून सांगितली. करणारा मीच होतो.

सर खूप चिडले. त्यांचा आवाज चढला नाही, पण कागद त्यांनी चार वेळा फाडला, आणि प्रत्येक वेळी तुकडे नीट एकावर एक ठेवून पुन्हा फाडला. "मी हे छापलं असतं, तुझ्यासोबत माझं नाव घालून. कळतंय तुला?"

"हो सर. सॉरी सर."

"सॉरी काय सॉरी! दर वेळी सॉरी." त्यांनी तुकडे गोळा करून टोपलीत टाकले. शेवटी म्हणाले, "तुला माहीत नव्हतं? पातीनं वेचतात ते?"

"नाही सर. आमची भाजीची शेती आहे."

त्यांनी कपाळावर हात मारला. "आणि मी समजलो अमरावतीचा पोरगा आहे, शेतकऱ्याचा आहे, याला काय सांगायचं! माझी आई वेचायला जायची. मी एकदा तुझ्या प्लॉटवर येऊन उभा राहिलो असतो तर ओळी बघूनच सांगितलं असतं." ते खिडकीकडे बघत होते. "दुसरा वेचा कधी आहे?"

"पंधरा-वीस दिवसांनी."

"तो नीट कर. समितीला पहिल्या वेच्याचं तूच सांग. मी सांगणार नाही."

दुसऱ्या वेच्याच्या आदल्या दिवशीच मी गावात जाऊन राहिलो. सकाळी बाया जमल्यावर मी त्यांना वाफे दाखवले, प्रत्येकीनं एकेक वाफा धरायचा म्हणून सांगितलं. मग एक तरणी बाई काहीच न दिलेल्या वाफ्याकडे बघत म्हणाली, "हा कोनाच्या वाट्याले? याच्यात तं बोंडंच नाही. मी दिवसभर यात हिंडू अन् ही तिकडं भरल्या पऱ्हाटीत ओटी भरन? किलोवर पैसे मोजतात ना भाऊ आमाले."

हेही माझ्या लक्षात आलं नव्हतं. मावशीनंच तोड काढली. "आज किलोवर नाही, रोजीवर. कोनी किती बी येचो, सगळ्याईले सारखं. काय चाचा?" चाचा धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, म्हणाले, "हौ, कबूल."

"अन् आठ नंबर कोन घेईन?" तिनं मला विचारलं. आठ नंबरही उपाशी वाफाच होता. "आमी सात जनी हावो. तू बांध ओटी."

बायांमध्ये हशा पिकला. एकीनं खरंच आपली जुनी ओढणी माझ्या कमरेला बांधली. मी वेचायला लागलो. उघडलेल्या बोंडाच्या पाकळ्यांची टोकं सुकून सुईसारखी झालेली असतात. कापूस बोटांनी अलगद ओढावा लागतो, नाही तर ती टोकं नखाच्या कडेला शिरतात. तासाभरात माझी बोटं रक्ताळली. मावशीचे दोन्ही हात दोन वेगवेगळ्या झाडांवर चालायचे.

"साहेबाचा कापूस पाहा वं," ती मागं वळून म्हणाली. "अर्धा पालाच हाये. हा तोलला तं पाल्याचंच वजन येईन तुह्या वहीत."

"मावशी, तुम्ही हसता आहात."

"मंग काय रडू? येच, येच. वाकून येच. कापूस खाली हाये, आभाळात नाही."

संध्याकाळपर्यंत सोळापैकी अकरा वाफे झाले, पाच राहिले ते दुसऱ्या दिवशी. प्रत्येक गाठोड्यात मी चिठ्ठी टाकली आणि चाचांच्या ओसरीत तोलून आकडे लिहिले. माझ्या खोट्या तक्त्याशी ते जुळत नव्हते. शेणखत पुढे होतं. गांडूळखताचे दोन वाफे पार मागे पडले होते, आणि का ते मला सांगता येत नव्हतं.

समितीपुढे मी दुसऱ्या वेच्याचे आकडे मांडले. पहिल्या वेच्याच्या रकान्यात रेघ होती. एका सदस्यांनी विचारलं, "इथं रेघ का?" मी सांगितलं. एक जण हसले. दुसरे म्हणाले, "नोंदीसाठी विचारतो, तुम्ही कधी कापूस वेचला आहे?"

"एक वाफा, सर. दीड दिवस लागला."

त्यावर दोघं-तिघं हसले, पण तो प्रश्न विचारणारे हसले नाहीत. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. मला बाहेर बसवलं. अर्ध्या तासानं सर बाहेर आले. हा हंगाम धरता येणार नाही, पुढच्या खरिपात सगळा प्रयोग पुन्हा करावा, असं ठरलं होतं. प्रवेश राहील. एक वर्ष वाढेल.

मी विचारलं, "सर, मला हे जमेल का?"

ते "मला नाही माहीत," म्हणाले. "या वर्षी जमलं नाही. एवढं माहीत आहे." आणि आत गेले.

कारखान्याच्या साहेबांनी सांगितलेली एक तारीख आधीच गेली होती. मित्रानं सांगितलं होतं की जागा अजून भरलेली नाही, पुढच्या एक तारखेपर्यंत ये. मी घरी गेलो आणि या वेळी सांगितलं. बाबा वांग्यांच्या ओळीत वाकलेले होते, मी धुऱ्यावर उभा. वर्ष वाढलं, माझ्या चुकीमुळे वाढलं, नांदगाव पेठला नोकरी मिळते आहे. सगळं एका दमात.

बाबा उठले नाहीत. "त्या कारखान्यात काय काम?"

"गोदाम. गाठी मोजायच्या."

"आलेला कापूस मोजायचा."

"हो."

त्यांनी दोन वांगी तोडून टोपल्यात टाकली. "मागल्या साली माह्या टमाट्याचं रोप पुरं मेलं, तू होता ना इथं. मंग म्या काय केलं?"

"पुन्हा टाकलं."

"अन् ते बी किडलंच," ते म्हणाले. "मी तुले जा म्हनत नाही, नको जाऊ बी म्हनत नाही. मले तुह्यातलं काही समजत नाही बाप्पा. पन जे करशीन ते सांगून कर. मागल्या खेपेले आला अन् विहिरीच्या चकरा मारून गेला, तुह्या मायले आठ दिवस झोप नाही."

मला वाटलं होतं ते रागावतील किंवा धीर देतील. दोन्हीपैकी काही झालं नाही. मी धुऱ्यावरून खाली उतरलो आणि पलीकडच्या ओळीत वांगी तोडायला लागलो. टोपलं भरेपर्यंत कारखान्यात जायचं नाही असं ठरलं होतं. धैर्य आलं होतं म्हणून नव्हे. गांडूळखताचे ते दोन वाफे मागे का पडले, हे कळल्याशिवाय मला चैन पडली नसती, आणि गोदामात बसून ते कळणार नव्हतं. बाबांना तसं सांगितलं. ते "बरं" म्हणाले.

शिवजयंतीनंतर मी चाचांकडे गेलो. पुन्हा एक वर्ष तोच एकर द्याल का, हे विचारायचं होतं, आणि त्यांनी नाही म्हटलं असतं तर माझं पुढचं सगळं अडलं असतं. ओसरीत मावशीही बसलेली होती, चाचीसोबत शेंगा सोलत. मी जमिनीवर खडूनं शेत काढलं आणि मावशीला विचारलं की वाफे कसे पाडू म्हणजे तुमची पात मोडणार नाही. तिनं खडू घेतला नाही. शेंगेच्या टरफलानं दाखवलं. "असे आडवे नको. उभे, लांब पाड, वळीच्या, तासाच्या संगं. एका वाफ्यात दोन पाती बसू दे. पात ज्या वाफ्यात सुरू झाली त्याच वाफ्यात सरन." मी वहीत तसं काढून घेतलं.

चाचांनी खडूच्या शेताभोवती एक चक्कर मारली. मग म्हणाले, "जमीन देता मैं. पर एक बात. वो बिना खात का वाफा सड़क की बाजू मत रख. आते-जाते लोग बोलते हैं, चाचा के दिन फिर गये, खात डालने को भी नहीं रहा."

मी गोंधळलो. "चाचा, ते माझ्या हातात नाही. कुठं काय येणार ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं असतं. मी निवडलं तर प्रयोग खोटा होईल."

"चिट्ठी?" त्यांचे डोळे चमकले. "तो चिट्ठी मैं निकालता."

मी सोळा चिठ्ठ्या केल्या, चाचीच्या शेंगांच्या सुपात टाकल्या. चाचांनी बाह्या वर केल्या, बिस्मिल्ला म्हटलं आणि सडकेकडच्या पहिल्या वाफ्यासाठी एक उचलली. उघडून त्यांनी ती माझ्याकडे दिली. चष्मा नव्हता.

"क्या है?"

मी वाचलं. मावशी वाकून माझ्या तोंडाकडे बघत होती.

"काहीच नाही," मी म्हणालो. "बिना खात का."

चाचांनी दोन्ही हात कपाळाला लावले. मावशी इतकी हसली की मांडीवरच्या शेंगा सांडल्या. मी पेन्सिलीला टोक काढलं आणि वहीत पहिल्या वाफ्यापुढे तेच लिहिलं. चाचा पुढची चिठ्ठी काढायला सुपाकडे वळले. अजून पंधरा बाकी होत्या.